दोन बोटांची जागा

"चूक माझी आहे... माप भरायचं मी विसरले!"

थोरली हे बोलली आणि साइटवरच्या त्या पत्र्याच्या ऑफिसातली पाचही माणसं तिच्याकडे बघतच राहिली. टेबलापलीकडे अध्यक्षबाई होत्या. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं हे वसतिगृह त्यांच्या संस्थेसाठी उभं राहत होतं. शेजारी त्यांचे सल्लागार इंजिनिअर, चष्मा कपाळावर चढवून बसलेले. अलीकडे थोरलीचा दीर, कंपनीचा आताचा मालक. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, म्हणून एकतिशी गाठली तरी तिच्यासाठी तो छोट्याच. त्याच्या मागे त्याची बायको, धाकटी, लॅपटॉप छातीशी धरून उभी होती. आणि दारात हेड गवंडी, सहा फूट उंच, भिंत सरळ आहे का बघायच्या ओळंब्याच्या दोरीसारखा सरळसोट, म्हणून सगळे त्याला ओळंबाच म्हणत.

"तुम्ही?" सल्लागारांनी चष्मा खाली घेतला. "मी मघापासून एकच विचारतोय. कॉम्प्युटरवरचं मॉडेल चुकलं की माणूस चुकला? मॉडेल चुकलं असेल तर करार आज, इथेच संपला. माणूस चुकला असेल तर त्याला बाजूला करा आणि काम पुरं करा. करारात तसंच लिहिलंय."

"माणूसच चुकला. मॉडेल बरोबर आहे. खिडक्यांच्या सूचना भरायचं काम माझ्याकडे होतं... वय झालं आता, डोळे साथ देत नाहीत, राहून गेलं."

चव्वेचाळिसाव्या वर्षी 'वय झालं' म्हणणारी बाई खोटं बोलतेय हे खरं तर कुणालाही कळायला हवं होतं! पण रागावलेल्या माणसाला कुठलं आलंय कळणं? छोट्याचा चेहरा लालबुंद झाला. धाकटी "ताई..." म्हणत पुढे झाली, तर थोरलीने तिच्याकडे असे डोळे वटारले की ती पोर लॅपटॉप आवळून मागे सरली.

आता तुम्ही म्हणाल, खिडकीच ती, बसली नाही तर नाही बसली, त्यात एवढा आकांत कशाला? थांबा, सांगते.

या घराण्याची बांधकामाची एक रीत होती, थोरलीच्या सासऱ्यांनी हातात थापी घेऊन धंदा सुरू केला तेव्हापासूनची. कागदावर ते खिडकीचं जे माप लिहीत, ते प्लास्टर झाल्यानंतरचं असे. विटा रचताना दोन्ही बाजूंना एकेक बोट, म्हणजे सगळी मिळून दोन बोटं जागा प्लास्टरसाठी जास्त सोडायची, हे त्यांच्या प्रत्येक गवंड्याला न लिहिता ठाऊक. सुतार तर सगळ्यात शेवटी यायचा, तयार भिंतीला टेप लावून एकेक चौकट तिथल्या तिथे करायचा. त्यामुळे 'दोन बोटं' कुठे लिहून ठेवायला हवीत, असं तीस वर्षांत कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पण धंद्याची तऱ्हाच पालटली. मोठ्या कंपन्या आधी कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करायला लागल्या, खिडक्या, दारं, न्हाणीघरं शेडमध्ये तयार करून साइटवर आणून जोडायला लागल्या, आणि दीड वर्षाचं काम सात महिन्यांत हातात द्यायला लागल्या. ओळखीच्या तीन लहान कंपन्यांना बघता बघता टाळं लागलं. तेव्हा छोट्याने ठरवलं, आपणही बदलायचं. "नुसत्या भिंती बांधून चालतं व्हायचे दिवस गेले, वहिनी," तो म्हणायचा, "आता किल्लीबरोबर इमारतीची फाइल द्यायची. कुठला नळ कुठून जातो, कुठली खिडकी कधी बसली, सगळं त्यात. आणि पुढची दहा वर्षं देखभालही आपणच करायची!" वसतिगृह हे या नव्या पद्धतीचं पहिलं काम. ते बुडालं असतं तर कंपनी बुडाली असती, आणि ओळंब्यासारखे चाळीस गवंडी कुणाच्या दारात जाऊन उभे राहिले असते?

थोरली या सगळ्याला पहिल्या दिवसापासून कुरकुरली. "टॅब म्हणे! आमच्या वेळी खडूने भिंतीवर लिहायचे, खडूचं चार्जिंग कधी संपायचं नाही." ओळंबा हसायचा, छोट्या वैतागायचा. पण तोंडाने कुरकुर करणारी ही बाई मनातून किती हुरळली होती ते तिचं तिलाच ठाऊक! दोन महिने ती धाकटीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती. सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या जुन्या वह्या वाचून एकेक गोष्ट सांगत होती आणि धाकटी ती कॉम्प्युटरमध्ये भरत होती. एका दुपारी धाकटीने अख्खं वसतिगृह पडद्यावर गोल फिरवलं, छप्पर उचलून बाजूला ठेवलं आणि थोरलीला जिन्यातून वर नेऊन एका खोलीच्या खिडकीत उभं केलं... अजून पायासुद्धा खोदला नव्हता, आणि थोरली त्या खिडकीतून बाहेर बघत होती! तिचे डोळे भरून आले. अकरा वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन गेलेला तिचा नवरा हे बघायला हवा होता, असं तिला तीव्रतेने वाटलं. मग नाक पुसत ती म्हणाली, "बरंय. पण जिन्यात अंधार वाटतो."

त्याच दिवसांत कधीतरी तिने स्वतःच्या टॅबवरून, एकेक अक्षर शोधत, खिडक्यांच्या सूचनेत लिहिलं होतं: विटांच्या कामात दोन बोटं जास्त सोडा. यंत्राने ते नाकारलं. तिने पुन्हा लिहिलं. असं चार वेळा झालं, चौथ्यांदा ते राहिलं, फक्त बाजूला एक लाल खूण आली. लाल तर लाल, राहिलं ना, म्हणून ती निर्धास्त झाली.

आणि मग तो चौकटी बसवण्याचा दिवस उजाडला. शेडमधून चौसष्ट चौकटी आल्या, एकसारख्या, गुळगुळीत. तळमजल्यावर ओळंब्याच्या जुन्या गवंड्यांनी भिंती बांधल्या होत्या. तिथे वीस चौकटी अशा बसल्या की छोट्याने टाळ्या वाजवल्या. वरचे दोन मजले नव्या टोळीने बांधले होते, विटांचं माप टॅबवर दिसेल तेवढंच, ना कमी ना जास्त, आणि त्यावर प्लास्टर चढवलं होतं. तिथली पहिली चौकट अर्ध्यात अडकली.

"दाबा ना जरा," छोट्या म्हणाला.

"साहेब, खिडकी आहे ही, बूट नाही दाबून बसवायला," ओळंबा म्हणाला आणि कपाळाला हात लावून खाली बसला.

दुसरी नाही, तिसरी नाही... चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस चौकटी दोन बोटांनी अडल्या. थोरलीने घाईघाईने टॅब उघडला. सूचनेची जागा कोरी होती. तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं आणि त्या पोरीचा पांढराफटक चेहराच सगळं बोलून गेला.

"ताई, मी पुसली हो ती ओळ!" जिन्यात तिला गाठून धाकटी रडकुंडीला येऊन म्हणाली. "'बोट' हे माप नाही म्हणत होतं ते. लाल खूण असली की मंजुरीला जात नाही, आणि त्याच दिवशी पाठवायचं होतं. तुम्हाला विचारून नीट आकड्यात भरू असं ठरवलं होतं... आणि विसरले! मीच सांगते आता सगळ्यांना. काय व्हायचं ते होऊ दे."

थोरली काही बोलणार, तोच खालून हाक आली. आणि खाली सल्लागारांनी तो प्रश्न टाकला, मॉडेल की माणूस? मॉडेल बनवलं धाकटीने. तिने तोंड उघडलं असतं तर चुकलं मॉडेल! करार संपला, छोट्याचं स्वप्न संपलं, आणि ही अवघ्या चोविशीची पोर, गवंडी जिच्या पाठीमागे 'कॉम्प्युटरबाई' म्हणून दात काढायचे, ती जन्मात पुन्हा या कामाला शिवली नसती. थोरलीने ती चूक आपल्या पदरात घेतली. बाकी कुणाला काही सुचायच्या आत तिचं बोलून झालंसुद्धा.

खरा भडका उडाला तो घरी आल्यावर.

"वहिनी, एकच सांग," छोट्या स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, बूटसुद्धा न काढता. "विसरलीस की मुद्दाम केलंस?"

थोरलीच्या हातातला पेला तसाच राहिला. "काय म्हणालास?"

"तुला हे यंत्र पहिल्या दिवसापासून नको होतं. रोज टोमणे, रोज नावं ठेवणं... जुन्या गवंड्यांचा मजला बरोबर आणि नव्यांचे दोन्ही चुकलेले! लोक काय म्हणतात माहितीये? थोरल्या बाईंनी नव्या पद्धतीची जिरवली म्हणतात! मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"आणि तुला काय वाटतं?"

तो गप्प राहिला. नुसतं 'नाही' म्हणाला असता ना, तरी चाललं असतं! ज्याला तिने अभ्यासाला बसवलं, नवरा गेल्यावर ज्याचं शिक्षण पुरं होईपर्यंत ऊन-पावसात साइटवर उभं राहून कंपनी तगवली आणि तो परत आल्यावर एका शब्दाने न विचारता खुर्ची रिकामी करून दिली, तो आज खाली मान घालून गप्प उभा होता. सांगावं का सगळं? एका वाक्याचं तर काम! पण पलीकडच्या खोलीत धाकटीचे हुंदके ऐकू येत होते... आणि ते वाक्य तिने गिळलं.

"उद्यापासून साइटवर येऊ नकोस," छोट्या शेवटी म्हणाला. "करारच तसा आहे."

"बरं," ती म्हणाली आणि पेला विसळायला लागली.

दुसऱ्या दिवशी ओळंबा सकाळी सकाळी दारात हजर. "वहिनी, साहेब भिंती फोडायच्या म्हणतायत. चव्वेचाळीस खिडक्या फोडून पुन्हा रचायच्या तर कॉलेज उघडेपर्यंत निम्म्या होणार नाहीत. तुम्ही काय म्हणता?"

"मला कशाला विचारता? मला काढलंय."

"साइटवरून काढलंय ना, डोक्यातून थोडंच काढलंय!"

थोरलीला हसू आलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. "विटेला हात लावू नका," ती म्हणाली. "कडेचं प्लास्टर तेवढं तासून काढा आणि चौकट सरळ विटेला लावा. आतून लाकडी पट्टी मारली की सांधा झाकला."

"उघड्या विटेला? चार ठिकाणी वर-खाली असेल ना ती. चौकट डुगडुगेल."

"आपली वीट असती तर डुगडुगली असती. खरं बोलायला लाजू नका! त्या नव्या पोरांची वीट सुतासारखी सरळ आहे, मी स्वतः पाहिलीये. कितीही नावं ठेवली तरी काम चोख आहे त्यांचं. आणि हे बघा, माझं नाव घेऊ नका. तुम्हालाच सुचलं म्हणा."

ओळंब्याने मान डोलावली आणि गेला. त्या संध्याकाळी छोट्या घरी आला तो जरा हलका वाटला, जेवताना धाकटीला म्हणाला, "ओळंब्याने कमाल केली, रोज सहा खिडक्या होतील." थोरली समोर बसून खाली मान घालून जेवत होती. तिच्याशी तो बोलला नाही. वाढताना तिचा हात पुढे आला की तो 'पुरे' म्हणायचा, बास, तेवढंच.

असा एक आठवडा गेला. घर म्हणजे किती जड असतं ते ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्यालाच कळतं. थोरलीने कपाटं आवरली, बिजागऱ्या घट्ट केल्या, गळका नळ दुरुस्त केला, न गळणारासुद्धा उघडून बघितला! साइटची गाडी सकाळी दारावरून जायची तेव्हा ती खिडकीशी जायची नाही. धाकटी रोज संधी साधून तिच्यापाशी यायची, हात जोडायची. "ताई, मला हे सोसवत नाही. मी सांगते त्यांना, तुमचे पाय धरते..."

"काम पुरं होईपर्यंत एक अक्षर नाही," थोरली दटावायची. "तू बोललीस तर मी खाल्लेल्या शिव्या फुकट गेल्या! उगाच का खाल्ल्यात मी त्या?"

पण एक गोष्ट थोरलीला ठाऊक नव्हती. तिला वाटत होतं, यंत्र म्हणजे पाटी. पुसलं की पुसलं. यंत्राला बिचाऱ्याला माणसांसाठी खोटं बोलता येत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आठव्या दिवशी सल्लागारांनी लेखी अहवाल मागवला: चूक कधी झाली, कुणी केली. छोट्याने साइटवरच्या ऑफिसात बसून मॉडेलचा इतिहास, म्हणजे कुणी कधी काय बदललं त्याच्या नोंदी, उघडला, वहिनीच्या नावापुढची नोंद अहवालात चिकटवायची म्हणून. आणि तो वाचतच राहिला... वहिनीच्या नावावर एक नाही, चार नोंदी होत्या. 'विटांच्या कामात दोन बोटं जास्त सोडा.' नाकारली. पुन्हा तीच. नाकारली. एका तासात चार वेळा! जिला यंत्र नको होतं ती बाई यंत्राशी तासभर झुंजत बसली होती, त्याच्या कामासाठी. त्याखाली, नऊ दिवसांनी: सूचना काढून टाकली. नाव धाकटीचं. आणि त्याच्याही खाली: 'एक सूचना कमी झाली आहे. मान्य आहे का?' पुढे उत्तर, 'मान्य.' सगळ्या चौसष्ट खिडक्यांना एकदम. त्यापुढे नाव होतं त्याचं स्वतःचं. त्याला आठवलंसुद्धा नाही. घाईत होता, न वाचता बोट दाबलं होतं.

भर दुपारी तो घरी आला तेव्हा थोरली कपाटाचं दार मांडीवर घेऊन स्क्रू पिळत होती. तो तिच्यासमोर फरशीवरच बसला आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला. दाराआड उभ्या असलेल्या धाकटीनेही तोंडात पदर धरला.

"वहिनी... मला सगळं कळलं. तू लिहिलं होतंस! चार वेळा लिहिलं होतंस! हिने पुसलं, आणि मान्य मी केलं... मी! आणि बोललो तुला?"

थोरलीने स्क्रू-ड्रायव्हर शांतपणे खाली ठेवला. आता इथे तिने त्याला पोटाशी धरायचं, डोळे पुसायचे, असंच होतं ना नेहमी? तसं काही झालं नाही. ती त्याच्यावर उसळली.

"चूक अंगावर घेतली त्याचं मला काही वाटलं नाही रे. साइट सुटली, तेही सोसलं. पण 'मुद्दाम' म्हणालास! अरे, कंपनीची एक वीट तिरकी लागली तरी मला जेवण जात नाही, आणि मी मुद्दाम खिडक्या अडवीन? लोकांचं सोड, तुला तसं वाटलंच कसं? मी विचारलं तुला, तुला काय वाटतं म्हणून, आणि तू गप्प राहिलास! आठ दिवस मी त्या गप्प राहण्यावर जगलेय!"

"मार मला, वहिनी."

"मारीन! हातात दार आहे म्हणून वाचलास." आणि मग मात्र तिचा बांध फुटला. तिघंही त्या फरशीवर, स्क्रूंच्या पसाऱ्यात, गदगदून रडले. पहिल्यांदा डोळे पुसले ते धाकटीने.

"मी अध्यक्षबाईंकडे चाललेय," ती म्हणाली. ती उठून उभी राहिली. "करार जाऊ दे नाहीतर राहू दे. ताईंच्या नावावर माझी चूक एक दिवससुद्धा राहता कामा नये."

छोट्याने थोरलीकडे पाहिलं. चौतीस खिडक्या बसल्या होत्या, दहाच उरल्या होत्या. गप्प राहिलं असतं तर सगळं निभावून गेलं असतं. "चल," तो म्हणाला, "तिघंही जाऊ."

अध्यक्षबाईंनी सगळं ऐकून घेतलं. धाकटीने लॅपटॉप उघडून इतिहासाचं पान त्यांच्यासमोर ठेवलं, तिच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि छोट्याने आपल्या. सल्लागार खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे मॉडेलच चुकलं होतं. बाई, करारानुसार..."

"जरा थांबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढलीत, तिथली मेट्रन होते. आमच्याकडे औषधाचा डोस चुकीचा लिहिला गेला तर कागद फाडत नाहीत, खाडाखोड करत नाहीत. चुकीवर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. कागद स्वच्छ दिसावा म्हणून चूक लपवली की पेशंट जातो. तुमच्या या यंत्रात ती रेघ दिसते. मला वाटतं, मला अशीच फाइल हवी होती. सल्लागारसाहेब, करार राहील. लिहून घ्या, खाली या तिघांच्या सह्या घ्या."

मग त्या थोरलीकडे वळल्या आणि त्यांचा स्वर कडक झाला. "तुम्ही मात्र माझ्या तोंडावर खोटं बोललात. का?"

थोरलीने मान खाली घातली. मग ती जे बोलली ते तिच्या घरात कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं.

"हिचं पहिलंच मोठं काम होतं, बाई... पहिल्या कामात हसं झालं की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. मला विचारा! लग्नाआधी मी ड्रॉइंगच्या क्लासला जायचे. नवी नवरी असताना हौसेने सासऱ्यांना एका घराचा जिना काढून दिला. त्यात एक पायरी जास्त झाली. जिना वरच्या दाराच्या उंबऱ्यावर चढून गेला म्हणे! सगळे गवंडी हसले, घरचे हसले. सासरे काही वाईट माणूस नव्हते, तेही हसले. मी पेन्सिल ठेवली ती ठेवलीच. बावीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या वह्या सांभाळल्या... हिच्या हातून ते सुटू नये, एवढंच वाटलं."

छोट्या ऐकत होता. बावीस वर्षं तिच्या हातचं खाल्लं, तिच्या वह्या चाळल्या, आणि ही साधी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही! "वहिनी, कधी बोलली नाहीस," तो पुटपुटला.

"कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

वसतिगृह कॉलेज उघडायच्या चार दिवस आधी पूर्ण झालं. थोरली साइटवर परत गेली तेव्हा सगळ्यांसमोर छोट्याने खरं काय ते सांगितलं, आणि नव्या टोळीतल्या पोरांना जेव्हा कळलं की 'त्यांची वीट सुतासारखी सरळ' असं थोरल्या बाई म्हणाल्या, तेव्हा ते दिवसभर छाती काढून हिंडले. यंत्राला बोट कसं शिकवायचं यावरून एक दुपार मजेत गेली. ओळंब्याची बोटं सोट्यासारखी, धाकटीची शेवग्याच्या शेंगेएवढीही नाहीत, मग कुणाची धरायची? शेवटी जुन्या सगळ्या गवंड्यांची मोजली, सरासरी काढली आणि मिलिमीटरमध्ये भरली. तेव्हापासून जुन्या माणसांना न लिहिता ठाऊक असलेल्या गोष्टी रोज एक तास विचारून लिहून घ्यायच्या, असा कंपनीत नियमच झाला.

पुढचं काम आलं ते एका लहान दवाखान्याचं, दोन मजल्यांचं. छोट्याने खुर्ची ओढली आणि थोरलीला धाकटीच्या जागेवर बसवलं. "जिना तू काढायचा."

"वेड लागलंय का तुला? मला नाही जमायचं."

"मग तुझा जिना झाल्याशिवाय काम सुरू होणार नाही. बसू देत चाळीस गवंडी हातावर हात ठेवून," तो म्हणाला आणि खरोखरच निघून गेला. लहानपणापासून हट्टी तो हट्टीच!

चार दिवस लागले. धाकटीने कळ कुठली, रेघ कशी, तेवढं दाखवलं, बाकी हात लावला नाही. थोरली पुटपुटत होती, मोजत होती, चष्मा पुसत होती. धाकटीने समोर ठेवलेला चहा चारही दिवस गार झाला. पाचव्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांना बोलावलं. छोट्या आला, ओळंबा आला, नव्या टोळीचे दोघं आले. पडद्यावर जिना उभा होता, नेटका, वळणावर उजेड घेणारा. धाकटीने तो हळूच फिरवला, खालून वर मोजत गेली, आणि वरच्या दाराशी येऊन थबकली.

"काय झालं?" थोरलीने विचारलं.

धाकटीने छोट्याकडे बघितलं, छोट्याने जमिनीकडे.

"अगं, बोल की!"

"ताई..." धाकटीचा आवाज इतका बारीक झाला की ओळंब्याने कान पुढे केला. "एक पायरी जास्त झालीये."

थोरलीचा चेहरा एकदम पडला. तिचे हात टेबलावरून मागे आले, मांडीवर गेले, पदराच्या टोकाशी चाळा करू लागले. ती उठणार असंच सगळ्यांना वाटलं. छोट्या पुढे होऊन काहीतरी बोलणार होता, पण धाकटीने त्याला मागे ओढलं.

थोरलीने पडद्याकडे पाहिलं. मग स्वतःशीच, ओठ आवळून, खालपासून एकेक पायरी मोजली. "खरंच की गं," ती म्हणाली आणि तिला अचानक हसू फुटलं. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. ओळंबा हसला, ती नवी पोरं हसली, आणि सगळ्यांत जास्त तीच हसत होती.

धाकटीने मदतीला हात पुढे केला.

"खबरदार हात लावलास तर!" थोरली म्हणाली आणि खुर्ची टेबलाशी ओढून घेतली. "माझी पायरी आहे, मीच काढीन."